बाबांचं बीपी मोजणं

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांचा स्टेथोस्कोप आणि बीपीचं मशीन पाठवतेय. आठवण म्हणून कपाटात ठेवू नकोस, वापर. बाबा कसले डॉक्टर होते हे त्यांच्या बीपी मोजण्यात दिसायचं, म्हणून तेच लिहिते.

पेशंट आला की लगेच पट्टा बांधायचा नाही. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर थांबायचं. लघवी तुंबली असेल तरी आकडा चढतो. मोजताना बाबा एक शब्द बोलत नसत, कारण बोलण्यानेही बीपी वाढतं. विचारपूस नंतर, आणि ती भरपूर.

पट्टा उघड्या दंडावरच. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढते ना, हे बघ. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटंच जास्त येतं आणि माणसाच्या मागे नको ती गोळी लागते. म्हणून बॅगेत तीन मापांचे पट्टे आहेत. हात हृदयाच्या पातळीला टेकव. १० सेंटिमीटर खाली राहिला तर साधारण ८ ने जास्त दिसतं.

आता सगळे घाईत गाळतात ती पायरी. आधी मनगटाची नाडी धरून हवा भर. नाडी लागेनाशी झाली की तिथून ३० वर ने, मगच स्टेथोस्कोप लाव. काहींचे ठोके मध्येच ऐकू येईनासे होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. हवा कमी भरली गेली, तर १८० चं बीपी १५० समजून पेशंट घरी जातो. हवा अशी सोड, की काटा सेकंदाला २ ते ३ ने उतरेल. १३८ दिसलं तर १३८ च लिही, १४० नाही. मिनिटभराने पुन्हा मोज. म्हाताऱ्या माणसाला उभं करून १ आणि ३ मिनिटांनीही बघ. वरचा आकडा २० ने उतरला तर तो न्हाणीघरात पडायचा धोका असतो.

हवा नसताना काटा शून्यावर नसेल तर मशीन आधी दुरुस्तीला दे. स्टेथोस्कोपची नळी मानेच्या घामा-तेलाने कडक होते. स्पिरिटच्या बोळ्याने पुस, बुडवू नकोस. छातीला लावण्याआधी चकती तळहातात धर. थंड चकतीने लहान मूल दचकतं.

तुमच्या तापातही ते असेच. आधी वजन, मग पॅरासिटामॉल: एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला १८०. म्हणजे ५ मिलिलिटरला १२० वाल्या औषधाचे ७.५ मिलिलिटर, २५० वाल्याचे ३.६. बाटली बदलली की माप बदलतं, म्हणून घरातला चमचा कधीच नाही.

बॅगेच्या आतल्या कप्प्यात त्यांच्या हातचा तुम्हा दोघांच्या वजनांचा कागद आहे. तेवढा मला परत पाठव.

तुझी,
आई