मधाचे बोट आणि आशाताईंची भेट

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या घरी नातवाचे बारसे झाले, त्या दिवशी जमलेल्या बायकांपैकी तिघींनी बाळाला मधाचे बोट चाटवण्याचा आग्रह धरला आणि माझी लेक मात्र बाळाला छातीशी धरून, डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे पाहत राहिली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तिच्या वेळी मीही मध चाटवलाच होता. परंतु वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो आणि पहिले ६ महिने आईच्या दुधाखेरीज वरचे पाणीही द्यायचे नसते, हे आशाताईंनी (आमच्या भागातील आशा आरोग्यसेविकेने) जन्मानंतर चौदाव्या दिवशी समोर बसून समजावले, तेव्हाच ते घरात सर्वांना पटले. लेक तेच आधीपासून सांगत होती.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताईंनी ४२ दिवसांत ६ गृहभेटी द्यायच्या असतात. त्या वेळी आजी, सासूबाई आणि बाळाचे वडील यांनीही आवर्जून बसावे, कारण ओल्या बाळंतिणीला एकटीने साऱ्या घराशी वाद घालण्याचे बळ नसते. आरोग्य विभागाने भेटीचा दिवस कुटुंबाला आधी कळवावा, ही विनंती.

– एक आजी, सातारा