उभ्या राहणाऱ्या इंजिनांचं काय?

संपादक साहेब,

इथेनॉलवाल्या पेट्रोलचा विषय निघाला की सगळे गाडीवरच येतात, अ‍ॅव्हरेज घसरलं, पिकअप गेला, इंजिन बसणार वगैरे, आणि समोरचा म्हणतो काही होत नाही हो, जगभर वापरतात. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे पण रोज पळणाऱ्या गाडीला याचा त्रास सगळ्यात कमी. खरी वाट लागते ती महिनोन्महिने कोणी हात न लावलेल्या इंजिनांची, म्हणजे जनरेटर, पाण्याचा पंप, गवत कापायचं मशीन, चेनसॉ, बोटीचं इंजिन, कव्हर घालून ठेवलेली जुनी बाईक. त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून हे पत्र.

अ‍ॅव्हरेजचं आधी सांगून टाकतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे १० टक्के मिसळलं की ३ टक्क्यांच्या आसपास आणि २० टक्के मिसळलं की ६-७ टक्के फटका बसणारच, यात लपवण्यासारखं काय आहे मला कळत नाही. ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची ताकद, वाढतो हेही खरं, पण त्याचा फायदा जास्त कॉम्प्रेशनचं, म्हणजे मिश्रण जास्त दाबणारं इंजिन असेल तर. बाकी इंजेक्शनच्या गाडीत एक्झॉस्टला ऑक्सिजन सेन्सर असतो, मिक्श्चर लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की तो सांगतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, विषय संपला. ब्राझीलने १९७५ मध्येच इथेनॉलचा सरकारी कार्यक्रम सुरू केला आणि तिथे २००३ पासून वाटेल त्या प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या मिळतात, पण थंडीत इथेनॉलवर इंजिन पटकन पकडत नाही म्हणून त्या गाड्यांत कित्येक वर्षं नुसत्या पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी द्यावी लागायची. म्हणजे तिथे जमलं कारण गाडीच तशी बनवली.

आता कार्ब्युरेटरवाल्या, म्हणजे इंजेक्शनऐवजी साध्या यंत्राने पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या छोट्या मशीनला कुठला सेन्सर आणि कुठला कॉम्प्युटर. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एकदा साध्या पेट्रोलच्या हिशोबाने बसवलेला, आणि इथेनॉलमध्ये वजनाने ३५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजनच असतो, मग मिक्श्चर लीन होतं, इंजिन जास्त तापतं, आणि हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक फुल थ्रॉटलवर चालवायचं म्हटलं की आधीच त्याची परीक्षा असते. जुन्या मशीनमधले रबरी पाइप आणि डायफ्राम फुगतात, कडक होतात. वर इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा कचरा सोडवून खाली आणतं, म्हणून पहिल्या एक-दोन टाक्यांतच फिल्टर चोक होतो आणि लोक म्हणतात पेट्रोल भेसळीचं होतं!

पण सगळ्यात मोठी भानगड पाण्याची. नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी जवळपास विरघळतच नाही. १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मात्र लिटरमागे अंदाजे ५ मिली, म्हणजे चमचाभर पाणी पोटात घेतं आणि तोवर वरून काही दिसत नाही. त्याच्यापुढे पाणी गेलं किंवा रात्री गारठा वाढला की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं, आणि टाकीतून पेट्रोल ओढायचा पाइप नेमका तळालाच असतो. टू-स्ट्रोक असेल तर अजून वाईट, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि इंजिनाला मिळतो तो बिनतेलाचा पाणचट थर. एकदा असे थर झाले की कुठलंही औषध टाकून ते परत एक होत नाहीत, सगळं काढून टाकीच साफ करावी लागते.

हेही खरं की बंद टाकीत नुसत्या हवेतल्या दमटपणाने एवढं पाणी सहज जमत नाही, बहुतेक वेळा ते सैल झाकणातून, पावसातून, अर्ध्या रिकाम्या टाकीत आत धरलेल्या दवातून येतं. मोबाईलवर बाटलीत पेट्रोल आणि पाणी हलवून 'बघा किती पाणी निघालं' म्हणणारे व्हिडिओ फिरतात त्यांना तर हसावं का रडावं कळत नाही. मोजायच्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली १० टक्केवालं पेट्रोल घालून हलवलं की खालचा थर १८-१९ वर जातोच, कारण इथेनॉल खाली पाण्यात उतरतं. म्हणजे ही टेस्ट इथेनॉल किती आहे ते बघायची.

माझ्याकडच्या गवत कापायच्या मशीनचा कार्ब्युरेटर मागे उघडला तेव्हा पेट्रोल साठतं त्या वाटीच्या तळाला पांढरट पावडर जमलेली आणि पायलट जेटचं (इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटचं) भोक, जे मुळात सुईच्या टोकाएवढं, पार बुजलेलं. मेकॅनिकने तार न घालता क्लीनर मारून ते मोकळं केलं, बरं केलं, तारेने भोक मोठं होतं. तेव्हापासून मशीन ठेवताना टाकी रिकामी करतो आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो म्हणजे वाटीही कोरडी होते. जिथे टाकी रिकामी करणं शक्य नाही तिथे ती काठोकाठ भरून ठेवावी, आत हवाच कमी राहिली की दव कमी.

पण एवढं करायला माणसाला आधी कळलं तर पाहिजे की पंपावर त्याला किती टक्क्यांचं मिळतंय. अमेरिकेत १५ टक्केवालं पेट्रोल २००१ आणि त्यापुढच्या मॉडेलच्या गाड्यांनाच चालतं, मोटरसायकल, बोटी आणि छोट्या मशीनना मनाई, आणि पंपावर तसं स्टिकर असतं. एवढं साधं काम आहे. टक्केवारी नोझलजवळ ठळक लिहा, आणि मशीन बनवणाऱ्यांनी किती टक्क्यांपर्यंत चालतं ते टाकीच्या झाकणावरच छापावं, मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर नको, ते पान कोण उघडतं.

आपला,
एक वाचक