कप्पी बसवणाऱ्या सुतारकाकांस

सुतारकाका, सप्रेम नमस्कार.

आखडलेल्या खांद्याच्या पेशंटसाठी दाराला लावायच्या कप्प्या तुम्ही करून दिल्यात, त्याबद्दल हे जाहीर आभार. हूक ठोकून, दोरी ओवून मोकळं होता आलं असतं. तुम्ही आधी विचारलंत, "ओढणारा हात कुठला?" सगळी मेख तिथेच आहे.

ओढतो तो चांगला हात. दुखरा दोरीच्या दुसऱ्या टोकाची मूठ नुसती धरून वर जातो, स्वतः जोर लावत नाही. मधेच दोरी अडखळली की तो दचकून आखडतो, मग ताण राहतो बाजूला. म्हणून विहिरीवरची लोखंडी कप्पी बाद करून तुम्ही बेअरिंगचं २ इंची नायलॉनचं चाक घातलंत, आणि पिळाच्या दोरीऐवजी ६ मिलिमीटरची विणीची. पिळाची दोरी ताणली की उलगडते, हातातली मूठ फिरवते आणि मनगट वाकडं होतं.

लांबी तुम्ही प्रत्येकाला खुर्चीवर बसवून मापलीत. साधारण ८ फूट पुरते. जास्त झाली तर चांगला हात मांडीला टेकला तरी दुखरा कपाळापाशीच राहतो. शेवटचा, खरा कामाचा ताण मिळतच नाही. गाठ मुठीखाली उघडी ठेवलीत, तीही सोडून बदलता येते.

कप्पीचा पट्टा दाराच्या वरच्या फटीत, पलीकडे लाकडी गुटका. ओढल्यावर दार चौकटीत घट्ट बसेल त्याच बाजूला बसायचं, कडी लावून. उलट बसलं तर दार उघडून अंगावर येतं. तुमची लाल खूण त्यासाठीच आहे, ती कुणी पुसू नये.

वापरणाऱ्यांसाठी थोडं. आधी १० मिनिटं शेक. सुरुवातीला दाराकडे तोंड करून, हात सैलावला की पाठ करून. वर ताण लागला की १० आकडे थांबायचं, असं १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. समोर आरसा हवाच. हात पूर्ण वर जातो त्या १८० अंशांतले साधारण १२० खांद्याच्या सांध्याचे, ६० खवाट्याचे, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडाचे. सांधा अडला की खांदा कानाकडे चढतो, कंबर मागे वाकते, आणि हात वर गेल्यासारखा नुसता दिसतो! ताण अर्ध्या तासात शमला पाहिजे. रात्री ठणकला तर दुसऱ्या दिवशी कमी.

तीन फुटी काठ्याही दिल्यात, त्यांचं मोल कप्पीइतकंच. आखडलेला खांदा सगळ्यात जास्त अडतो तो हात बाहेर फिरवताना, आणि कप्पी फक्त वर नेते. कोपर काटकोनात, बगलेत टॉवेलची गुंडाळी, काठीनं दुखऱ्या हाताला हळूच बाहेर ढकलायचं.

एक मात्र. पक्षाघातानं लुळ्या पडलेल्या खांद्याला ही कप्पी लावायची नाही, सांध्याला दुखापत होते. स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) शिवलेला असेल किंवा हाड मोडलेलं असेल तर सर्जननी सांगितल्याशिवाय दोरीला हात लावू नये.

काका, पुढच्या खेपेला चार मुठी जरा जाड करा. संधिवाताच्या बोटांना पाऊण इंची नळी धरवत नाही. सव्वा इंची, वर सायकलच्या हँडलचं रबर.

आपले,
फिजिओथेरपी विभागातले आम्ही सगळे