वायर तुटली तर बोर्डाला काय दिसेल, हे विचारायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

आमच्या काटोलच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीची पातळी आता नागपुरात माझ्या मोबाइलवर दिसते. आंबिया बहाराची फळं झाडावर, मे महिन्याचं ऊन आणि विहिरीत पाणी जेमतेम. अशा वेळी पंप कोरडा चालतोय का, हे पाहायला बाबांना आता रात्री उठावं लागत नाही. हे तुमच्यामुळे झालं, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असे आभार मानतेय.

सीताबर्डीच्या पार्ट्सच्या दुकानात माझी यादी पाहून तुम्ही आपणहून थांबलात. कोराडीच्या वीज केंद्रात उभा जन्म इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढलेला माणूस एका अनोळखी मुलीसाठी काउंटरवरच कागद मागून आकृती काढायला बसला. पातळीचा सेन्सर २४ व्होल्टवर चालणारा, पाण्याच्या पातळीप्रमाणे ४ ते २० मिलिअँपियर करंट देणारा. तो वाचणारा माझा छोटा कंट्रोलर बोर्ड ईएसपी३२, फक्त व्होल्टेज मोजणारा, ज्याच्या पिनला ३.६ व्होल्टच्या वर काहीच चालत नाही. करंटचं व्होल्टेज करायला मधे कितीचा रेझिस्टर, एवढंच मला हवं होतं. तुम्ही आधी विचारलंत, "वायर तुटली तं बोर्डाले काय दिसन?"

या प्रश्नात किती काही होतं! विहीर रिकामी असली तरी हा सेन्सर ४ मिलिअँपियर देतो. १२० ओहमवर ते ०.४८ व्होल्ट होतात, आणि विहीर भरल्यावर २.४. शून्य दिसलं तर पाणी संपलेलं नसतं, वायर गेलेली असते. रानडुकरांच्या गावात हा फरक फार मोलाचा आहे. १५० ओहमने ३ व्होल्ट मिळाले असते, पण तिथपर्यंत या चिपचं मोजमाप सरळ राहत नाही, म्हणून १२०.

मग दुसरा प्रश्न, सेन्सरच्या दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर? तेव्हा अख्खे २४ व्होल्ट त्या १२० ओहमवर येतात. २०० मिलिअँपियर, जवळपास पाच वॅट. म्हणून आधी ५० मिलिअँपियरचा फ्यूज. तो उडेपर्यंतच्या क्षणासाठी पिनच्या आधी १० किलोओहम आणि जादा व्होल्टेज बाजूला वळवायला पिनपासून बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या लाइनवर शॉटकी डायोड. पिनकडे जाणारा करंट मग दोन मिलिअँपियरच्या आसपासच अडतो. त्याऐवजी ३.३ व्होल्टला व्होल्टेज अडवणारा झेनर डायोड स्वस्त पडतो खरा, पण तो बराच आधीपासून गळू लागतो आणि रीडिंग बिघडवतो, हेही तुम्ही सांगितलंत. इतक्या नेमकेपणाने हे मला आजवर कोणी समजावलं नव्हतं.

पंप चालू आहे की बंद, हे कळण्यासाठी स्टार्टरच्या थ्री-फेज वायरींना हात लावायचा नाही, ही तुमची ताकीद मी तंतोतंत पाळली. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचा (पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) रिकामा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट, म्हणजे त्याच्याबरोबर हलणारा जोडस्विच, वायरमनकडून, मेन सप्लाय बंद करून, बाहेर काढून घेतला. त्यातून वेगळ्या सप्लायचे २४ व्होल्ट, पुढे ४.७ किलोओहम आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर, म्हणजे उजेडाने सिग्नल पोचवणारी चिप. पंपाची बाजू आणि बोर्डाची बाजू यांच्यात फक्त उजेड जातो.

काका, तुम्ही पैसे तर घेतले नाहीतच, वर स्वतःच्या पिशवीतला एक फ्यूज होल्डर माझ्या हातात ठेवलात. तो आता विहिरीजवळच्या पेटीत बसवलाय. शेजारच्या शेतकऱ्यालाही असंच हवंय. त्याच्यासाठी मी आकृती काढली आहे, सुरुवात फ्यूजपासूनच केली आहे. तो ती बसवायच्या आधी तुम्ही एकदा नजरेखालून घातलीत तर मला धीर येईल. आणि संत्री उतरली की पहिली पेटी तुमच्या घरी येईल, नाही म्हणू नका जी.

तुमची,
काटोलवाली मुलगी