मूठ पुसून कानाला लावणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

गाडी घेऊन तुमच्याकडून निघालो त्याला महिना होत आला. त्या दिवशी बोलायला गेलो तर घसा दाटून आला, नुसती मान हलवून निघालो. राहिलेलं बोलणं आज लिहितो आहे.

आमची बुलेट ३५०, १९८९ सालची, बाबांची. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. गेलं वर्षभर रत्नागिरीजवळचा आरे-वारेचा चढ लागला की माझ्या पोटात गोळा यायचा. चौथ्या गिअरला गाडी ओढायला लागली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी कडकड सुरू. सपाटीला आवाजाचं नाव नाही.

पहिल्या मेकॅनिकने आवाज न ऐकताच ‘इंजिनचं काम निघालंय’ म्हणून सांगितलं. सिलिंडर घासून बोअर झाला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, साडेअकरा हजार गेले आणि कडकड होती तिथेच. दुसरा म्हणाला, क्रँक गेला, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडाच. अहो, पण आवाज फक्त चढावरच येतो, असं म्हटलं तर ‘तुम्हाला जास्त कळतं का?’ तिसऱ्याने तर भंगाराचा भाव सांगितला, तोही बाबांच्या गाडीच्या सीटवर पाय टेकवून. तो पाय अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तुम्ही पान्याला हात लावण्याआधी मला स्टूल दिलंत. आवाज थंड गाडीला येतो की तापल्यावर? खालचा गिअर टाकला की जातो का? किक उलटी मारते का? हा शेवटचा प्रश्न वर्षभरात मला कुणी विचारलाच नव्हता! मी पँट वर करून नडगीवरचं काळंनिळं दाखवलं. “अरे देवा,” म्हणालात आणि मे महिन्याच्या त्या उन्हात माझ्या मागे बसून चढावर आलात. कडकड सुरू झाली तशी खांद्यावर थाप मारलीत, “तिसरा टाका.” तिसरा टाकला, आवाज गेला.

परत आल्यावर जे झालं, त्यासाठी हे पत्र. गाडी चालूच होती. पोराला पंखा बंद करायला सांगून तुम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलंत, मूठ कानाला लावलीत, डोळे मिटलेत. मध्येच रेस देऊन पाहिलीत. आणि मग ती मूठ बाहीला पुसून माझ्या कानाशी धरलीत. “तुम्ही पण ऐका.” आत घरघर नव्हती, खडखड नव्हती. एक संथ, भरीव धपधप. “क्रँक ठणठणीत आहे. बाबांनी जपलीय गाडी.” काका, बाबा गेल्यापासून त्यांच्याबद्दल इतकं चांगलं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

दोष ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या मागे, इंजिनच्या वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ पुढे-मागे करणाऱ्या ऑटो ऍडव्हान्समध्ये निघाला. खाऱ्या हवेने वजनं गंजून उघडीच अडकलेली, स्प्रिंगा ढिल्या. त्यामुळे संथ गतीलाही ठिणगी वेळेआधी पडायची आणि पिस्टन वर येत असतानाच पेट्रोल भडकायचं. म्हणून चढावर कडकड, म्हणून किक उलटी. तुम्ही सगळं साफ केलंत, डब्यातल्या दोन स्प्रिंगा बसवल्यात, टायमिंग लावलंत आणि तीनशे रुपये सांगितलेत. मी पाचशेची नोट पुढे केली तर दोनशे मोजून परत दिलेत. क्रँकच्या नावाखाली हवे तेवढे पैसे काढता आले असते तुम्हाला. मी दिले असते, कारण तोवर माझा माझ्या कानावरचाही विश्वास उडाला होता.

हुशार कारागीर कोकणात कमी नाहीत. पण समोरचा माणूस सांगतोय ते खरं असेल असं धरून चालणारा, आणि स्वतःला जे ऐकू आलं ते त्यालाही ऐकवणारा, तसा मला तुमच्या आधी भेटला नव्हता. अशा माणसाकडे गाडी टाकली की रात्री झोप लागते.

आता आरे-वारे चौथ्या गिअरला चढतो. किक पहिल्या-दुसऱ्या दमात लागते. पावसाळा संपला की पॉइंटची गॅप बघायला येईन, तेव्हा आईलाही मागे बसवून आणतो. तुम्ही बाबांबद्दल काय म्हणालात ते तिला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुमचा,
बुलेटवाला