टीबी कळवतात, मग सिलिकोसिस का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टीबीचा पेशंट सापडला की डॉक्टरने सरकारला कळवायचंच हा नियम 2012 ला आला, 2018 ला अजून कडक झाला, मेडिकलवालेही त्यात आले आणि न कळवणाऱ्यावर गुन्हा दाखल करायची सोय झाली. टीबी पेशंटची नोंद ठेवणाऱ्या सरकारच्या निक्षय पोर्टलवर नाव चढलं की पेशंटला खुराकासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात, कळवणाऱ्या खासगी डॉक्टरलाही 500 मिळतात. हे उत्तमच झालं.

पण दगड-वाळूची धूळ छातीत जाऊन होणारा सिलिकोसिससुद्धा कळवणं बंधनकारक आहे आणि ते आजचं नाही, फॅक्टरी ॲक्ट 1948 च्या कलम 89 मध्येच होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या कायद्यात, सेफ्टी कोडमध्येही आहे. मालकाने कळवायचं आणि तपासणाऱ्या डॉक्टरनेही, पेशंटने ते काम सोडलेलं असलं तरी. हे किती डॉक्टरांना माहिती आहे?

आमच्याकडे शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या (वाळूच्या साच्यात लोखंड ओतणारे कारखाने) आहेत, बाजूच्या गावांत खडी क्रशर आहेत. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासणाऱ्या फेटलिंगच्या पोरांना खोकला, दम लागणं सुरू होतं, वजन उतरतं, एक्सरेत डाग दिसतात आणि लगेच टीबीच्या गोळ्या चालू. माझ्या ओळखीच्या एकाचे असे दोन कोर्स झाले, तू काम काय करतोस हे एकाही दवाखान्यात विचारलं नाही हो! बरं, सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर धरतो त्यामुळे दोन्ही एकदम असू शकतं, म्हणून तर विचारायला पाहिजे. गोळ्यांनी टीबीचे जंतू मरतात, धुळीने कडक झालेलं फुप्फुस परत पहिल्यासारखं होत नाही, आणि कोर्स संपला की तो माणूस परत त्याच धुळीत उभा राहतो.

एक रिपोर्ट गेला तर इन्स्पेक्टर त्या शेडमध्ये जाऊन धूळ मोजू शकतो, शेजारी उभं राहून काम करणाऱ्यांचे एक्सरे काढायला लावू शकतो. 1923 च्या भरपाई कायद्यात सिलिकोसिस होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या सोशल सिक्युरिटी कोडमध्येही आहे, पण कागदावर टीबी लिहिलेलं असेल तर घरच्यांनी मागायचं कशाच्या जोरावर? राजस्थानने 2019 ला सिलिकोसिससाठी वेगळं धोरण करून सर्टिफिकेट मिळालेल्या पेशंटला 3 लाखांची मदत ठेवली, आपल्याकडेही खाणी, क्रशर, फाउंड्र्या काय कमी आहेत का.

टीबी सेंटरला धुळीत काम केलेला पेशंट आला की त्याचं नाव तिथूनच औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसकडे गेलं पाहिजे, आणि खासगी डॉक्टरांना टीबीसाठी आहे तसा साधा ऑनलाइन फॉर्म द्या. तुमच्या वार्ताहरांना विनंती आहे, गेल्या पाच वर्षांत आपल्या जिल्ह्यातून सिलिकोसिसचे किती रिपोर्ट आले, त्यातले डॉक्टरांनी पाठवलेले किती, हा आकडा त्या ऑफिसकडून मागून घ्या आणि छापा.

- एक वाचक, कोल्हापूर