कासवमित्रांच्या वहीत पक्ष्यांनाही एक पान द्या

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

शिमगा सरला की कोकणच्या किनाऱ्यावर पाहुण्या पक्ष्यांची परतीची आणि घरच्या पक्ष्यांची विणीची गडबड एकदमच सुरू होते. पुळणीवर बसलेल्या छोट्या चिखल्यांकडे दुर्बिणीतून पाहा: थंडीभर पांढुरकी दिसणारी छाती विटकरी व्हायला लागलेली असते. तपकिरी डोक्याचा कुरवही आता कुठे डोकं तपकिरी करून नावाला जागतो. यांना पार हिमालयापल्याड, लडाख-तिबेटकडे जायचं असतं. त्यासाठी ओहोटीच्या मोजक्या तासांत किडे-किरवे खाऊन अंगावर चरबी चढवावी लागते. नेमक्या त्याच वेळी आमच्या पुळणीवर पर्यटकांच्या जीपगाड्या गोल गोल घुमत असतात. थवा उठतो, बसतो, पुन्हा उठतो. खाणार कधी?

टिटवीचं तर त्याहून अवघड. तिनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, हा आडाखा आमच्याकडे अजून सांगतात. पण ती घालते कुठे, हे पाहायला कोणी वाकत नाही. पुळणीमागच्या मोकळ्या जमिनीत, खड्यांच्या खळग्यात चार अंडी, टोकं आत केलेली. दोन पावलांवरूनही चटकन दिसत नाहीत. ऊन तापलं की नर-मादी पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. सुट्टीच्या दिवसांत गाड्या लावायला हीच जागा सोयीची वाटते. समुद्री गरुडाचं घरटं मात्र लांबूनही दिसतं, वर्षानुवर्षं त्याच आंब्यावर नाहीतर सुरूवर. तरी तिथे कुऱ्हाड पडते.

कायदा नाही असं नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत कासवांप्रमाणे पक्ष्यांच्या विणीच्या जागाही सर्वांत संवेदनशील वर्गात धरल्या आहेत. पण कोणी नोंदवलीच नाही, तर ती जागा नकाशावर येणार कुठून?

कासवांचं हे काम कोकणानं करून दाखवलं आहे. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन कासवाची अंडी जपली, वन खातं सोबत आलं. आज गावोगावचे कासवमित्र ही अंडी शोधायला पहाटे पुळण तुडवतात. त्यांचा आणि या पक्ष्यांचा हंगाम बराचसा एकच. तेव्हा त्यांच्या नोंदवहीत पक्ष्यांसाठी एक पान जोडा आणि मानधनही त्या मानानं वाढवा. फुकटची कामं त्यांच्या गळ्यात पुष्कळ आहेत. टिटवीच्या अंड्यांभोवती चार बांबू आणि सुतळी पुरते. फेब्रुवारी ते मे पुळणीवर गाड्या बंद करा; होड्या आणि मासळीच्या कामाच्या वाहनांना अर्थातच सूट हवी.

तमिळनाडूत पॉइंट कॅलिमेरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा अभ्यास करते. तसं केंद्र आमच्या एखाद्या खाडीच्या मुखाशी जरूर व्हावं. मात्र त्याची सुरुवात निरीक्षण मनोऱ्याच्या भूमिपूजनानं नको. मनोऱ्यावरून सेल्फी निघतात, नोंदी माणसं ठेवतात.

याचं परिपत्रक दिवाळीआधी निघालं, तर येत्या हंगामात कासवमित्रांच्या हाती नवी वही देतानाच हे पान त्यात घालता येईल.

आपला,
दापोली तालुक्यातला एक पक्षीनिरीक्षक